तळघर नाही, मग सामान कुठे? नव्या घराच्या नकाशाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन-तीन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट घेऊन त्यावर स्वतःचं घर बांधणाऱ्या कुटुंबांसाठी हे पान आहे. बहुतेक जण नकाशाला सुरुवात करतात ती हॉलपासून, नाहीतर समोरच्या एलिव्हेशनपासून, म्हणजे दर्शनी रूपापासून. माझा आग्रह उलटा आहे. पाणी, धान्य, गाद्या, सायकली, इन्व्हर्टर, सिलिंडर यांच्या जागा आधी ठरवा, हॉल किती मोठा ते त्यानंतर बघू. तळघर नसलेल्या घरात हे सगळं जमिनीवरच बसवायचं असतं. नकाशात त्याला जागा दिली नाही, तर पुढे ते बेडरूममध्ये आणि जिन्यात येऊन बसतं.

खर्चाची तयारी आहे. तरी तळघर नको असं का म्हणता?

देशावर बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली खडक असतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला की घर स्थिर राहतं, पण तळघराच्या भिंती त्याच मातीत उभ्या असतात आणि फुगलेली माती त्यांना बाजूने रेटते. त्या भिंती आरसीसीच्या, भरपूर सळईच्या आणि बाहेरून वॉटरप्रूफिंग केलेल्याच हव्यात. खडक वरच लागला तर ब्रेकर लावून तो फोडण्याचा खर्च वेगळा. कोकणात आणि गोव्यात अडचण पाण्याची आहे. जांभ्यातून पाणी सहज झिरपतं आणि ऐन पावसाळ्यात विहिरी काठापर्यंत येतात, म्हणजे तेव्हा तळघराची फरशी भूजलाच्या पातळीखाली गेलेली असते.

जमिनीखाली साठवण करण्याची रीत आपल्याकडे नव्हती असं नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद वर्षानुवर्षं पेवांत, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारांत साठवली जायची. तिथली माती त्याला साथ देणारी होती. तरीही २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली बहुतेक पेवं निकामी झाली.

अपवाद एकच. प्लॉटला चांगला उतार असेल, तर खालच्या बाजूने पूर्ण उघडी राहणारी अर्धी पातळी काढता येते. तिला उजेड मिळतो आणि पाणी आपोआप बाहेर जातं. अशी जागा निसर्गाने दिली असेल तर जरूर वापरा.

अमेरिकेत माझ्या भावाच्या घराला बेसमेंट आहे. तिथे जमतं, मग इथे का नाही?

उत्तरेकडच्या थंड राज्यांत आणि कॅनडात हिवाळ्यात जमीन काही फूट खोलवर गोठते. पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावाच लागतो. एवढं खणायचंच आहे म्हटल्यावर थोडं आणखी खणून खोली काढणं परवडतं, शिवाय घर तापवायची यंत्रणाही तिथेच बसते. टेक्सास आणि फ्लोरिडामध्ये जमीन अशी गोठत नाही, त्यामुळे तिथल्या बऱ्याच घरांना बेसमेंट नसतं. आपली गणना त्यांच्यात करा.

नकाशाची सुरुवात नेमकी कुठून करायची?

वहीची दोन पानं घ्या. पहिल्यावर घरातली माणसं आणि त्यांचा दिवस लिहा: पहाटे कोण उठतं, डबे किती जातात, दुपारी कोण झोपतं, रात्री उशिरा कोण घरी येतं, पाहुणे मुक्कामाला किती आणि कधी येतात. दुसऱ्यावर सामान लिहा, आणि इथे कंजुषी नको. एप्रिल-मे महिन्यात वर्षाचा गहू-ज्वारी भरत असाल तर कोठ्या किती? लग्नकार्याच्या गाद्या किती? गणपतीचं मखर, कूलर, शिडी, मुलांच्या सायकली, मोठी पातेली, जुन्या फायलींच्या पेट्या. शेती असेल तर फवारणीचा पंप आणि औषधंही त्यात येतील. औषधांना स्वयंपाकघरापासून दूर, बाहेरून उघडणारं आणि कुलूप लागणारं कपाट हवं. ही गोष्ट मी प्रत्येक शेतकरी कुटुंबाला पुन्हा पुन्हा सांगतो.

या दोन याद्या घेऊन आर्किटेक्टकडे जा. नेटवरून उतरवलेले शंभर फोटो दाखवण्यापेक्षा त्यातून त्याला कितीतरी जास्त कळेल.

कोठीची खोली खरंच हवी का? तेवढ्या जागेत एक छोटी बेडरूम होईल.

हवीच. तळघर नसलेल्या घरात सगळ्यात कामाची खोली तीच असते, आणि नकाशातून सगळ्यात आधी उडवलीही तीच जाते. ६ × ८ फूट पुरते. दोन्ही लांब भिंतींना १५ इंच खोलीच्या कडाप्प्याच्या फळ्या लावल्या तरी मधे साडेतीन फूट मोकळे राहतात, म्हणजे पोतं उचलून आत नेता येतं. खालची फळी जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवा, कोठ्या तिच्याखाली सरकतील. वर ७ फुटांवर माळा.

जागा स्वयंपाकघराला लागून, शक्यतो उत्तरेला. बाथरूमशी सामाईक भिंत अजिबात नको. प्लंबिंग कितीही चांगलं केलं तरी दहा वर्षांत कधीतरी ओल येते, आणि ओल आली की धान्याला कीड लागते. वर जाळीचा झरोका असू द्या आणि दार बाहेर उघडणारं करा. जुन्या वाड्यांत बळद, म्हणजे धान्याचं कोठार असायचं. त्या माणसांना धान्याला अंधार, कोरडेपणा आणि वारा लागतो हे पक्कं ठाऊक होतं.

पोटमाळे किती काढावेत?

बाथरूम, पॅसेज आणि कोठीवर खुशाल काढा. तिथे ७ फूट उंची पुरते आणि स्लॅब १० फुटांवर असेल तर वर जवळजवळ ३ फूट मिळतात. बेडरूममध्ये पलंगाच्या डोक्यावर माळा काढू नका. तो डोळ्याला खुपतो आणि त्यावर चढताही येत नाही. माळ्याला दारं लावा, आणि वर्षातून एकदा लागणारं सामानच तिथे टाका. रोजच्या वस्तूसाठी स्टुलावर चढावं लागलं तर घरातली मोठी माणसंच पडतात.

जिन्याखालची जागा टॉयलेटला वापरता येईल का?

हिशोब करून पाहू. मजल्याची उंची १० फूट म्हणजे १२० इंच. १८ पायऱ्या धरल्या तर प्रत्येक चढ पावणेसात इंचांच्या थोडा आत बसतो, आणि हा चढ गुडघ्यांना मानवतो. जिना वळतो त्या मधल्या चौकापर्यंत ९ चढ झाले, म्हणजे चौक ५ फुटांवर आला. स्लॅबची जाडी वजा करता त्याच्याखाली साडेचार फूट उरतात. तिथे माणूस ताठ उभा राहू शकत नाही, टॉयलेट कुठून होणार? पाण्याची मोटर, इन्व्हर्टर, चपलांचं कपाट, झाडू-पोछा यांना मात्र ती जागा फार छान.

इन्व्हर्टरची बॅटरी नेहमीची ॲसिडची असेल तर चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. जिन्याखालचा कप्पा बंद पेटीसारखा करू नका, दाराला झरोके ठेवा. बॅटरी आणि मोटर एकाच कप्प्यात नको.

जिन्याला एकंदर ७ × १३ फूट धरा. पाच फुटांत जिना बसवून देतो असं कुणी म्हणालं तर वर कपाट कसं चढवणार तेवढं त्याला विचारा.

पाण्याची टाकी जमिनीखाली घ्यावी का? केवढी?

जमिनीखाली हक्काने काही जावं तर पाण्याची टाकीच. माणशी दिवसाला १३५ लिटर असं माप नियोजनात धरतात. सहा माणसांच्या घराला ८१० लिटर झाले. ६ × ६ फूट आणि पाण्याची खोली ५ फूट एवढ्या टाकीत साधारण ५,००० लिटर मावतं, म्हणजे सहा दिवसांची सोय. ज्या गावात नळाला दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथे हे लाड नाहीत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मराठवाड्यात बांधणाऱ्यांनी १०,००० लिटरचाही विचार करावा.

टाकी पोर्चखाली सोयीची पडते, कारण टँकरचा पाइप तिथपर्यंत पोचतो. पण झाकण जमिनीपेक्षा सहा इंच वर घ्या, नाहीतर पोर्च धुतलेलं पाणी आत जाईल. कॉलमच्या फुटिंगला, म्हणजे त्याच्या पायाला खेटून टाकी नको, आणि काळ्या मातीत तर अशी खेटून मुळीच नको. टाकी झिरपली की त्याच भागातली माती फुगते आणि भिंतींना तडे जातात.

गच्चीवरची टाकी कॉलमवर घ्या. १,००० लिटर म्हणजे एक टन वजन, ते नुसत्या स्लॅबच्या मधोमध टाकायचं नसतं.

खालच्या मजल्यावर बेडरूम हवी का? आई-बाबा अजून ठणठणीत आहेत.

हवी. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. खालच्या मजल्यावर एक बेडरूम, तिला लागून बाथरूम, आणि तिथून स्वयंपाकघरापर्यंत एकही पायरी नसलेली वाट. एखाद्याचा पाय मोडतो, कुणाची प्रसूती होते, ऑपरेशन होतं, आजी-आजोबा राहायला येतात. असं घरात कुणाचं ना कुणाचं होतच राहतं, आणि तेव्हा जिना हा डोंगर होतो.

खोली ११ × १३ फूट धरा. पलंग ६ × ६.५ फूट, दोन्ही बाजूंना अडीच फूट चालायला, समोर दोन फूट खोलीचं कपाट आणि त्याची दारं उघडायला जागा, असं मोजत गेलं की हे माप येतं. या खोलीचं आणि तिच्या बाथरूमचं दार तीन फुटी ठेवा. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असू द्या. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि कुणालाच आत जाता येत नाही. टॉयलेटशेजारची भिंत पक्क्या विटांची असू द्या, पुढे आधाराचा दांडा बसवता येतो.

चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण १:१२ लागतं. जोतं, म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतची उंची, दीड फूट असेल तर १८ फूट लांबीचा उतार झाला. आज बांधू नका हवं तर, पण बाजूच्या मोकळ्या जागेत तेवढी लांबी राखून ठेवा.

दिशा कशा बघायच्या? वास्तुशास्त्र पाळायचं का?

सूर्य आणि वारा आधी बघा. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर पश्चिमेची भिंत तापते आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती उष्णता घरात सोडत राहते. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तिथे पश्चिमेला झोपायची खोली म्हणजे शिक्षाच. पश्चिमेला जिना, बाथरूम, कपाटांची भिंत घ्या. ऊन त्यांनी सोसावं. पाऊसही नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूच्या खिडक्यांना दोन फुटी छज्जा हवा, कोकणात त्याहून जास्त. उत्तरेचा उजेड सौम्य आणि दिवसभर सारखा असतो. मुलांच्या अभ्यासाची जागा त्या बाजूला ठेवा.

आग्नेयेला स्वयंपाकघर ठेवल्याने सकाळचं ऊन ओट्यावर येतं, ही उत्तमच सोय आहे. ईशान्येला देवघर, तेही छान. नैर्ऋत्येला मोठी बेडरूम मात्र तापते आणि पावसात भिजतेही. घरातल्यांना ती तिथेच हवी असेल तर पश्चिमेच्या भिंतीला कपाटं लावा आणि खिडकी दक्षिणेला घ्या. घरच्यांची श्रद्धा जपूनही घर थंड ठेवता येतं. पण मंजूर नकाशा आणि पाया तयार असताना कुणी बाहेरचा येऊन टॉयलेटची जागा बदलायला लावत असेल तर ठामपणे नाही म्हणा.

स्वयंपाकघर उघडं की बंद?

ज्या घरात रोज फोडणी पडते आणि भाकरी भाजली जाते तिथे मी अर्धं उघडं सुचवतो. जेवणाच्या जागेकडे मोठी खिडकी किंवा सरकती दारं ठेवली की ठसका बसायच्या वेळी बंद करता येतं आणि एरवी गप्पा चालू राहतात. ओट्याची उंची ज्या बाईच्या किंवा बुवाच्या हाताखाली तो जास्त वेळ असतो, त्यांच्या कोपरावरून ठरवा. साधारण ३२ ते ३४ इंच. ओट्यासमोर साडेतीन-चार फूट मोकळी जागा हवी, दोघांना पाठीला पाठ लावून काम करता यावं म्हणून.

सिलिंडर बाहेर, जाळीच्या कप्प्यात ठेवा आणि तांब्याच्या नळीने गॅस आत घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड, गळाला तर जमिनीलगत साचतो. म्हणून ओट्याच्या पातळीखालीही झरोका लागतो. जमिनीखालच्या बंदिस्त जागेत सिलिंडर ठेवणं किती धोक्याचं, तेही यातूनच कळतं.

स्वयंपाकघराच्या मागे ५ × ९ फुटांची धुण्या-भांड्यांची जागा काढाच. वॉशिंग मशीन, भांडी घासायची मोरी आणि परसात उघडणारं दार तिथे बसतं. बाजूच्या आणि मागच्या सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीपासून सोडलेल्या जागेत, नंतर पत्र्याची शेड मारून हे काम भागवू असं म्हणू नका. ती जागा नियमाने मोकळी ठेवायची असते आणि आग लागली तर तिचा उपयोग होतो.

बाथरूम, सेप्टिक टँक आणि बोअर यांचं काय?

वरची बाथरूम खालच्या बाथरूमच्या डोक्यावर घ्या. पाइप सरळ खाली येतात, गळती झाली तर हॉलच्या छताला डाग पडत नाहीत. देवघर आणि स्वयंपाकघर वरच्या बाथरूमखाली येत नाहीत ना, एवढं पाहा.

सेप्टिक टँकमधून येणारं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १८ मीटर, म्हणजे ५९ फूट लांब हवा. ४० × ६० फुटांच्या प्लॉटचा कर्ण ७२ फूट. म्हणजे बोअर एका कोपऱ्यात आणि शोषखड्डा समोरच्या तिरक्या कोपऱ्यात घेतला तरच हे अंतर जेमतेम बसतं. शेजाऱ्याची बोअरही मोजा! गावात भुयारी गटार आली असेल तर सरळ तिला जोडा.

संपूर्ण तळमजला पार्किंगला सोडून घर वर घेतलं तर?

पूर येणाऱ्या भागात याला पर्याय नसतो, तिथे करावंच. एरवी दोन तोटे आहेत. पहिला, घरातल्या म्हाताऱ्यांना रोज जिना. दुसरा भूकंपाचा. खाली नुसते कॉलम आणि वर विटांच्या भरीव भिंती असल्या की खालचा मजला कमकुवत राहतो. २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादमधल्या अशा अनेक इमारती कोसळल्या. आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ ला कोयना आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झालं आहे, त्यामुळे हा विषय आपला नाही असं म्हणता येत नाही. स्टिल्ट, म्हणजे नुसत्या कॉलमवरचा असा मोकळा तळमजला, घ्यायचीच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून त्या मजल्याचं वेगळं डिझाइन करून घ्या. गवंड्याच्या अंदाजावर कॉलम भरू नका.

नुसती गाडी ठेवायची असेल तर १० × १८ फुटांचा पोर्च पुरतो. दुचाकींसाठी बाजूला तीन फूट धरा.

जोतं किती उंच ठेवावं?

सपाट, पाणी न तुंबणाऱ्या जागी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट. पण रस्ता पुढे दरवेळी डांबर पडून उंच होत जातो, म्हणून मी रस्त्याच्या मध्यापासून दोन-अडीच फूट सांगतो. नदीकाठच्या गावांत आधी सरकारी नकाशावरची निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी) बघा, मग प्लॉट घ्या. २०१९ ला सांगली-कोल्हापूरने आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणने जे भोगलं त्यानंतर हे वेगळं सांगायला नको. आसपासच्या जुन्या भिंतींवर पुराच्या पाण्याची खूण असते. ती शोधा, आणि विजेचा मीटर, इन्व्हर्टर, बटणं तिच्या वर घ्या.

जोत्यात भर घालताना काळी माती अजिबात नको, मुरूमच हवा, थराथराने पाणी मारून ठोकलेला. वाळवीची फवारणी त्याच वेळी करून घ्या. फरशी बसल्यावर ती नीट होत नाही.

गच्चीचं नियोजन आत्तापासून कशाला?

तळघर नाही म्हणून बऱ्याच गोष्टी गच्चीवर जातात: टाकी, सोलर हीटर, सोलर पॅनल, वाळवणं. वर्षातला बराचसा काळ सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून जिन्याची खोली आणि टाकी उत्तरेकडे असली तर पॅनलवर सावली पडत नाही. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे ३०० चौरस फूट दक्षिणेकडे राखा. टाकी नैर्ऋत्येलाच हवी असा घरच्यांचा आग्रह असेल तर तिची दुपारची सावली कुठवर जाते ते आधी कागदावर काढा. पॅनलच्या वायरींसाठी भिंतीत पाइप आत्ताच टाकून ठेवा.

पापड-कुरडया वाळवायच्या असतील तर गच्चीवर एक नळ हवा. हे कुणी विचारत नाही, मी प्रत्येक नकाशात टाकतो.

४० × ६० च्या प्लॉटवर हे सगळं खरंच बसतं का?

समोर १० फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना ५ फूट सोडले असं धरू. तुमच्या रस्त्याच्या रुंदीप्रमाणे हे आकडे बदलतील. बांधायला ३० × ४५, म्हणजे १,३५० चौरस फूट उरले. पोर्च १८०, ओसरी ९६, हॉल १९२, जेवणाच्या जागेसह स्वयंपाकघर १८०, खालची बेडरूम १४३, दोन बाथरूम मिळून ८०, कोठी ४८, जिना ९१, धुण्या-भांड्यांची जागा ४५, देवघर १६. बेरीज १,०७१. भिंती आणि येण्याजाण्याच्या वाटेला आणखी वीस-बावीस टक्के धरले की १,३०० च्या आसपास येतं. बसलं.

इथे हॉल १२ × १६ चा आहे. कुणी तो १६ × २० करायला सांगतं तेव्हा १२८ चौरस फूट वाढतात, आणि ते कोठी, धुण्याची जागा आणि ओसरी यांच्यातूनच जातात. वर्षातून चार दिवस भरणाऱ्या हॉलसाठी रोजची कोठी घालवायची का, हे घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारून ठरवा.

आत्ता फक्त खालचा मजला बांधायचा आहे, वरचा मुलगा कमवता झाल्यावर. काय काळजी घ्यावी?

पाया आणि कॉलम दोन मजल्यांचेच करा. जिना पहिल्या दिवशीच पूर्ण बांधा, गच्चीसाठी तो लागतोच. तो दर्शनी दाराजवळ घ्या, म्हणजे पुढे वरचा मजला भाड्याने दिला किंवा भावाभावांत वाटला तर हॉलमधून कुणाला जावं लागत नाही. वर सोडलेल्या सळया उघड्या ठेवू नका. त्यांवर सिमेंटचं पातळ पाणी मारून हलकं काँक्रीट करा, नाहीतर दहा वर्षांत गंजून जातात.

परवानगीचं काय?

बृहन्मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. सामासिक अंतरं आणि चटई क्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या मानाने एकूण किती बांधता येतं ते प्रमाण) तिच्यावरून ठरतात. नकाशा मंजूर, मग जोते तपासणी, शेवटी घर वापरायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र, हा क्रम चुकवू नका. बँकेला हे कागद लागतात, आणि घर विकायची वेळ आली तर गिऱ्हाइकालाही.

कागदावरचा नकाशा समजत नाही. घर केवढं होईल ते कसं कळणार?

प्लॉटवर फक्की, म्हणजे पांढऱ्या भुकटीच्या रेषा, मारून घ्या, खऱ्या मापाने. मग सगळं घर तिथे न्या. पलंगाच्या, टेबलाच्या मापाचे जुने कागद जमिनीवर टाका. दार आहे तिथूनच आत शिरा, आजींना बेडरूममधून बाथरूमपर्यंत चालू द्या, ओट्याजवळ दोघींना उभं करा, गाडीचं दार उघडून बघा. उघड्या जमिनीवर खोल्या नेहमी लहान दिसतात, त्याला घाबरू नका. वाटा नीट आहेत का तेवढं तपासा. हा एक संध्याकाळचा खेळ असतो, आणि नकाशातल्या निम्म्या दुरुस्त्या तिथेच होतात. भिंत फोडण्यापेक्षा फक्की पुसणं सोपं.

बांधकाम सुरू झाल्यावर बदल चालतील का?

कॉलम, बीम आणि जिना यांना हात लावायचा नाही. आतल्या विटांच्या भिंती फूट-अर्धा फूट सरकवता येतात, पण बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यामुळे त्याची जागा स्लॅब पडण्याआधीच पक्की हवी. विजेचे बोर्ड प्लास्टरच्या आधी, पलंग कुठे येणार ते खडूने काढून ठरवा. आणि भिंती झाकल्या जाण्याआधी प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, फोटो काढा: कुठून पाण्याचा पाइप गेला, कुठून वायर. हे फोटो, मंजूर नकाशा आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग एका फायलीत घाला. ती फाइल कोठीतल्या सगळ्यात वरच्या, कोरड्या फळीवर ठेवा.